बाईंनी मागे घेतलेली हरकत

कार्यालयात त्यांना सगळे मिटवेसाहेब म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जायच्या बेतात असली की हे चहा सांगत, एकाला या खोलीत आणि दुसऱ्याला त्या खोलीत बसवत, आणि अर्ध्या तासात प्रकरण मिटवून हात पुसत बाहेर येत. त्यावरून पडलेलं ते नाव. कुणी तोंडावर म्हटलं तरी साहेबांना राग येत नसे. उलट बरंच वाटे, आणि खरी गडबड तिथेच होती.

मानकं ठरवणाऱ्या कार्यालयात ते बांधकाम समितीचे सचिव होते. मानक म्हणजे काय, हे त्यांना नातेवाइकांना दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागे. पायरी किती उंच असावी, दार किती रुंद असावं, खिडकीच्या कडीने किती जोर सोसावा, हे कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं असतं. ते कुणीतरी म्हणजे समितीतली पंधरा माणसं. ती बोलतात आणि सचिव लिहितो. मसुदा तयार झाला की तो साठ दिवस लोकांसमोर ठेवायचा आणि हरकती मागवायच्या. हरकत ठरलेल्या नमुन्यातच हवी: कुठलं कलम, काय चुकलं, त्याऐवजी काय हवं. मग तक्त्यात प्रत्येक हरकतीसमोर निकाल लिहायचा. मान्य, अमान्य, नाहीतर ‘नोंद घेतली’. हा तिसरा शेरा साहेबांचा फार लाडका. त्यात ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही, आणि कुणाला राग यायचं कारण नाही.

त्याहून लाडकी गोष्ट एकच होती. हरकत घेणाऱ्याने ती स्वतःहून मागे घेतली, तर ती अंतिम तक्त्यातून पुसली जाई. मागे घेतल्याचं पत्रही तिच्याबरोबर वर्षाअखेरीच्या रद्दीत जाई. जणू हरकत आलीच नव्हती. अठरा वर्षांत साहेबांचा एकही मसुदा भांडण शिल्लक ठेवून मतदानाला गेला नव्हता. शेजारच्या समित्यांत वर्षानुवर्षं घोडं अडून बसे, यांचा तक्ता मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. तो स्वच्छ कसा होतो, हे कुणी विचारत नसे.

अठराव्या वर्षी सार्वजनिक इमारतींमधल्या जिन्यांचा मसुदा आला. त्यात रेलिंगचा पाइप पन्नास मिलिमीटर जाडीचा धरला होता. का, तर पाइपवाल्यांच्या कारखान्यात तोच निघत होता. अठ्ठाविसाव्या दिवशी एक हरकत आली. नमुना अगदी बिनचूक भरलेला, अक्षर छापल्यासारखं. ‘पन्नासच्या पाइपभोवती वयस्कर माणसाची आणि लहान मुलाची मूठ मिटत नाही. दोनशे बारा हात मोजले आहेत. चाळीस करावा.’ खाली सही होती, आणि सही पाहताच साहेब खुर्चीत सरळ बसले. शाळेत त्यांना यंत्रचित्रकला शिकवणाऱ्या बाईंची होती ती.

बाई म्हणजे सगळ्या शाळेचा धाक. पेन्सिलीला टोक नसेल तर वर्गाबाहेर. आणि ड्रॉइंगचा कागद एक दिवस जरी उशिरा दिला, तरी त्या तो बघतसुद्धा नसत. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ‘उशिरा. तपासली नाही’ असं लिहून परत. आकृती कितीही सुंदर असो. साहेब त्यांचे आवडते विद्यार्थी, पण आवडत्यालाही सूट नव्हती. बाई त्यांना टूएच म्हणत. का, तर हा मुलगा कायम टूएच पेन्सिल वापरायचा, तीही हलक्या हाताने, म्हणजे चुकलं तर खुणेशिवाय खोडता यावं. ‘टूएच, रेघ मारतोयस की कागदाची माफी मागतोयस?’ असं त्या साऱ्या वर्गासमोर विचारायच्या.

हरकती संकेतस्थळावर सगळ्यांना दिसत, आणि कुणीही त्याखाली लिहू शके. समितीतल्या पाइपवाल्या इंजिनियरने बाईंच्या हरकतीखाली लिहिलं, ‘ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी तळमजल्यावर राहावं. निवृत्त बाईंचा वेळ जात नसेल तर त्यांनी विणकाम करावं, समितीचा वेळ खाऊ नये.’ तासाभरात बाईंचं उत्तर हजर. ‘आपल्या आईला हा पाइप धरायला सांगा, आणि मग इथे लिहा.’

झालं, वादाला तोंड फुटलं. इंजिनियरच्या बाजूने चार कारखानदार उठले, अध्यक्षांचे फोन सुरू झाले. साहेबांनी नियमावली काढली. वैयक्तिक टोमणा मारायचा नाही, हे एक कलम. कुणाच्या कुटुंबाचा उल्लेख करायचा नाही, हे दुसरं. त्यांनी दोन्ही मजकूर काढून टाकले आणि दोघांना एकच पत्र पाठवलं, ‘आपण भाषेचं भान राखावं, ही विनंती.’ शब्द न् शब्द तोच, फक्त वरचं नाव वेगळं. आपण तराजू किती समतोल धरला, याचं त्यांना त्या दिवशी कौतुक वाटलं होतं. ज्याने अपमान केला त्याला आणि जिचा झाला तिला एकाच मापाने मोजणं म्हणजे न्याय नव्हे, एवढी साधी गोष्ट या शहाण्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात या हरकतीबद्दल चार ओळी छापून आल्या, आणि टपालाने पत्रं येऊ लागली. एकूण नऊ. एक वृद्धाश्रमातल्या आयाबाईचं, वहीच्या कागदावर लिहिलेलं. एक संधिवाताने बोटं वाकडी झालेल्या शिंप्याचं. एक बालवाडीच्या शिक्षिकेचं, त्यात पोरांनी तळहात ठेवून पेन्सिलीने काढलेले आकार. सगळ्यांचा सूर एकच, ‘त्या बाई म्हणतात ते खरं आहे.’ पण नमुन्यात एकही नव्हतं. साहेबांनी नऊही पत्रांवर आवक शिक्का मारला, प्रत्येकाला कोरा नमुना आणि छापील चिठ्ठी पाठवली, आणि पत्रं लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. नमुना भरून एकही परत आला नाही. आयाबाई कलमाचा क्रमांक कुठून आणणार?

साठावा दिवस जवळ आला. बाईंची एकच हरकत उरली होती. अध्यक्ष म्हणाले, “तुमच्याच बाई ना? मग टाका की शब्द.”

साहेबांनी शब्द टाकला. एका रविवारी सकाळी ते बाईंच्या घरी गेले. बाईंनी दोनशे बारा कागदी पट्ट्या दाखवल्या. प्रत्येक पट्टी कुणाच्या तरी मुठीच्या मापाची, तिच्यावर वय आणि तारीख. बुटांच्या खोक्यात वयानुसार लावून ठेवलेल्या. साहेबांनी कौतुक केलं, चहा घेतला, आणि मग हळूच म्हणाले, “बाई, एक सांगू? तुम्ही एकट्याच आहात. तुमच्या बाजूने दुसरी एकही हरकत आलेली नाही.”

“एकही नाही?”

“नोंदीत एकही नाही.”

बाईंनी पट्ट्या खोक्यात परत लावल्या आणि झाकण घातलं. मग म्हणाल्या, “मग माझंच काहीतरी चुकत असेल. तू म्हणतोस म्हणून घेते मागे.” आणि त्यांनी एका ओळीचं पत्र लिहून दिलं. साहेब जिना उतरले तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. आपण खोटं बोललो नाही, असं त्यांनी वाटेत स्वतःला दोनदा बजावलं. खोटं न बोललेल्या माणसाला ते एकदाही बजावावं लागत नाही.

मसुदा बिनविरोध मंजूर झाला. अध्यक्षांनी पाठ थोपटली.

पाच वर्षांनी मानकाची फेरतपासणी आली. साहेबांच्या निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते. समितीत एक तरुण डॉक्टरीणबाई नव्याने आल्या होत्या. त्यांनी रुग्णालयातल्या तीनशे रुग्णांच्या मुठी मोजून आणल्या होत्या. निष्कर्ष एकच, पाइप चाळीसचा हवा. आता मोठं रण माजणार, म्हणून साहेबांनी दोन खोल्या आधीच रिकाम्या करवून घेतल्या होत्या. पण पाइपवाले इंजिनियर, आता पोट सुटलेले आणि केस विरळ झालेले, हसून म्हणाले, “आमचं काहीच म्हणणं नाही. चाळीसचाच खप जास्त आहे हल्ली. आणि खरं सांगू का, आमच्या आईलाही तो जाड पाइप धरवत नाही.”

पंधरा मिनिटांत कलम बदललं. साहेबांची लेखणी ‘आईलाही’ या शब्दापाशी अडखळली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरीणबाई कागद आवरता आवरता सहज म्हणाल्या, “कमाल आहे. इतकी साधी गोष्ट, मागच्या वेळी कुणीच कसं बोललं नाही? साहेब, तुम्ही होतात ना तेव्हा? आली होती का एखादी हरकत?”

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. साहेबांनी जुना तक्ता उघडल्यासारखं केलं. “नोंदीत काही नाही,” ते म्हणाले.

“मग मापं कुणाची ते जिथे छापतात, त्या आधाराच्या पानावर आमच्या रुग्णालयाचंच नाव टाका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा काय दोष?

त्या दिवशी साहेबांना जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, “आज काय कुणाचं मिटलं नाही वाटतं?” एरवी या चेष्टेवर ते हसत. आज ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेल्या गेल्या त्यांनी कपाटाचा खालचा खण उघडला. नऊ पत्रं तशीच होती, शिक्क्यांसकट. हरकतींची मुदत संपायला अजून सहा दिवस होते. बाईंनी पट्ट्या जोडून नव्याने नमुना भरून दिला, तर आधाराच्या पानावर पहिलं नाव बाईंचं लागलं असतं. नियमातच बसत होतं. फक्त बाईंकडे जावं लागणार होतं, आणि ही नऊ पत्रं दाखवावी लागणार होती.

बाईंची इमारत सार्वजनिक नव्हती, पण ठेकेदाराने जिन्याला मानकाबरहुकूम नवं रेलिंग बसवलं होतं. चकचकीत, पन्नासचं. ते पाच वर्षांनंतरही नव्यासारखं होतं, आणि साहेबांना त्याचं कारण दुसऱ्या मजल्यावर कळलं. पलीकडच्या भिंतीवर, कंबरेच्या उंचीला, तेलकट काळा पट्टा खालपासून वरपर्यंत गेला होता. तिथली म्हातारी माणसं रेलिंगला हात लावतच नव्हती. भिंतीला तळवा टेकत टेकत चढत होती. साहेबांनी पाइप मुठीत धरून पाहिला. त्यांचीही बोटं अंगठ्याला पोचली नाहीत.

बाईंनीच दार उघडलं. ऐंशी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ. “टूएच! ये. वाट चुकलास की काम काढलंस?”

“काम आहे, बाई.” ते बसले, आणि चाळीसचं कलम मंजूर झाल्याचं सांगितलं. बाईंचा चेहरा इतका उजळला, की पुढचं बोलणं साहेबांच्या अगदी जिवावर आलं. “तुम्ही तेव्हा म्हणाला होतात तेच झालं. आता नमुना भरून द्या, बाई. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. त्या दोनशे बारा पट्ट्या जोडू. पुस्तकात तुमचं नाव येईल.”

“पट्ट्या कुठल्या? रद्दीत दिल्या.”

“दिल्या?”

“एकटीच म्हणतेय म्हटल्यावर वाटलं, वयाने आपलं मोजमाप चुकायला लागलं. तुला तर माहीतच आहे, माझ्या मोजण्यावर माझा केवढा भरवसा. तोच गेला. खोकं दिलं, कंपासपेटी देऊन टाकली. चार मुली शिकायला यायच्या, त्यांनाही म्हटलं, दुसरीकडे जा गं. चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं.” बाई हे असं सांगत होत्या, जणू भाजी संपली म्हणून सांगावं.

साहेबांना वाटलं, आत्ता उठावं आणि निघून जावं. पत्रं पिशवीतच राहू द्यावीत. त्याने कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मिटलेलंच होतं सगळं. पण बाई समोर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, आणि ते मात्र त्यांच्याने बघवेना. त्यांनी पिशवीतून नऊ पत्रं काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी चष्मा लावला. एकेक पत्र वाचलं, सावकाश, उत्तरपत्रिका तपासाव्यात तसं. शिंप्याच्या पत्रापाशी थांबल्या. पोरांच्या तळहातांच्या आकारांवरून बोट फिरवलं. मग सगळी उलटीसुलटी करून शिक्के पाहिले.

“या तारखा तू माझ्याकडे आलास त्याच्या आधीच्या आहेत.”

“हो, बाई.”

“नऊच्या नऊ?”

“नमुन्यात नव्हती म्हणून...”

“मी नमुन्याचं विचारत नाहीये. तू इथे बसून माझा चहा पीत होतास, तेव्हा तुला ही पत्रं माहीत होती?”

“हो.”

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “हरकत मागे घ्यायला लावलीस, त्याचं मला काही नाही रे. तुझं कामच ते. पण मी एकटी आहे असं कशाला सांगितलंस?”

“चुकलो, बाई,” ते म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी आयाबाईचं पत्र पुन्हा उचललं. “हिला काय उत्तर दिलंत?”

“छापील चिठ्ठी... आणि कोरा नमुना.”

“म्हणजे पाच वर्षं या बाईला कुणी उत्तरच दिलेलं नाही.” त्या उठल्या, कागद आणि पेन घेऊन आल्या, आणि टेबलावर जागा करायला त्यांनी साहेबांनी आणलेला कोरा नमुना बाजूला सारला. “ही पत्रं माझ्याकडे राहतील. माझ्या बाजूची आहेत, माझी आहेत. आता तू जा. मला नऊ उत्तरं लिहायची आहेत.” आणि त्यांनी लिहायला सुरुवातही केली. ओळ अजूनही सरळ होती.

साहेब जिना उतरले ते भिंतीच्या बाजूने.

सचिवाने स्वतः हरकत घेऊ नये असा नियम नव्हता, कारण असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शुक्रवारी साहेबांनी नमुना भरला, आणि या खेपेला टूएच पेन्सिलीने कच्चा मसुदा न करता थेट शाईने. ‘पाच वर्षांपूर्वी ही हरकत आली होती. तिच्या पाठिंब्याची नऊ पत्रं कार्यालयात असताना, पाठिंबा नाही असं सांगून मी ती मागे घ्यायला लावली. सुचवलेला बदल: आधाराच्या पानावर बाईंचं नाव प्रथम घालावं.’ खाली सही.

बैठकीत त्यांनी ती स्वतःच वाचून दाखवली. डॉक्टरीणबाई मान खाली घालून बसल्या. मग अध्यक्ष अगदी मायेने म्हणाले, “साहेब, भावना कळतात हो. पण पुरावा? मूळ हरकत नोंदीत नाही. मापं नाहीत. आणि ती पत्रं नमुन्यात नसतील तर धरायची कशी? हे तर तुम्हीच आम्हाला शिकवलंत.”

“खरं आहे,” साहेब म्हणाले.

“मग काय लिहायचं?”

पाइपवाले इंजिनियर घड्याळाकडे बघत होते. पुढच्या विषयाचे कागद वाटून झाले होते. शेवटी अध्यक्षच म्हणाले, “नोंद घेतली, असं लिहा.” आणि लिहायचं काम सचिवाचं असल्यामुळे साहेबांनीच ते लिहिलं, आपल्या सुवाच्य अक्षरात, आपल्याच हरकतीसमोर.

तक्ता छापून आल्यावर त्यातलं ते पान त्यांनी बाईंना पाठवलं. सोबत चिठ्ठी नव्हती. चार वेळा लिहून फाडली होती. बाईंनी पान पाहावं एवढीच इच्छा होती. आणखीही एक इच्छा होती, पण ती मनातल्या मनात उच्चारायचीही त्यांना लाज वाटत होती.

दहा दिवसांनी टपालात पाकीट आलं. आत तेच पान होतं. बाईंनी ते उलगडून सरळ केलं होतं, कडा जुळवून नीट घडी घातली होती. ‘नोंद घेतली’ला हातही लावला नव्हता. फक्त वरच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने, कापऱ्या पण दाबून काढलेल्या अक्षरांत दोन वाक्यं होती.

‘उशिरा. तपासली नाही.’

साहेबांनी खोडरबर कुठे असतो ते ठिकाण उगाच एकदा हाताने चाचपलं. मग त्यांनी पानावर आवक शिक्का मारला, तारीख घातली, आणि ते फाइलला लावलं.